सूप मागे, लॅम्पशेड पुढे: बुरूडकाम यातून तगेल काय?

इतवारीकर: नागपूरच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळ्यात बांबूचे लॅम्पशेड, फुले, नावा सगळे होते, सूप मात्र मला एकही दिसले नाही. माझे मत असे, की शोभेच्या वस्तूंनी बांबू खपेल, पण पिढीजात बांबू विणणाऱ्या बुरडाचा हात उतरेल. पाखडताना दाणा मागे राहावा आणि कोंडा पुढे उडावा, यासाठी सुपाचा उतार आणि काठाची बांधणी नेमकी जमावी लागते. लॅम्पशेडची वीण सैल पडली, तर तिलाच नक्षी म्हणता येते.

मानेवाडा रोड: आपण शेवटचे सूप कधी विकत घेतलेत? आमच्या घरी महालक्ष्म्यांच्या वेळी ते माळ्यावरून उतरते आणि विसर्जन झाले की परत वर जाते. गिऱ्हाइकाने वर्षातून एकदा आठवण काढायची आणि कारागिराने मात्र आपला हात शाबूत ठेवण्यासाठी बाराही महिने सुपेच विणायची, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. शिवाय हे जातीने गळ्यात घातलेले काम होते. आज चंद्रपूरजवळ चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात ते कोणालाही शिकता येते, यात वाईट काय?

इतवारीकर: जातीचा मुद्दा मान्य, घाईत लिहिताना तो माझ्याकडून सुटला. परंतु बाराव्या शतकात टोपल्या विणणारे शरण (लिंगायत संत) मेदार केतय्या आजही नावाने ठाऊक आहेत, आणि मी पाहिलेल्या दिव्याच्या चिठ्ठीवर किंमत होती, विणणाऱ्याचे नाव नव्हते.

वनवाट: दोघेही विणीवर बोलत आहात, बांबूवर कोणीच नाही. वास्तविक हे गवत; पण १९२७ च्या वन कायद्याने त्याला झाड ठरवले, आणि २०१७ च्या दुरुस्तीने केवळ जंगलाबाहेरचा बांबू त्या व्याख्येतून सुटला. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला आपल्याच जंगलातील बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार २०११ मध्ये मिळाला, तोही दीर्घ झगड्यानंतर. विणायला ओला, हिरवा बांबू लागतो, कारण वाळलेल्याची पाती वळवताना तडकते. तो शहरात वेळेवर पोचला नाही, तर सूप काय आणि दिवा काय, दोन्ही अडतात.

दुसरे म्हणजे कीड. बांबूच्या गाभ्याकडील भागात पिष्ट असते आणि भुंगेरा त्यावरच जगतो. बोरॅक्स व बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवलेला बांबू टिकतो, पण घाईने मेळ्यासाठी माल काढणारे ही पायरी गाळतात. माझ्या दिव्याखाली सहा महिन्यांत पिवळसर भुकटी साचू लागली. (आजी नव्या सुपाला शेण आणि मेथीचा लेप देत असे; लॅम्पशेडला तो कोण देणार?)

मानेवाडा रोड: भुकटी आमच्याकडेही पडते. मी तिला धूळ समजून रोज पुसत होतो.