मदत हवी आहे: शिराझ या रेड वाइनची बाटली आणली खरी, पण…

मंडळी, गेल्या रविवारी नाशिकला गंगापूर धरणाकडच्या एका वायनरीत पहिल्यांदाच वाइन टेस्टिंग केलं. शेनिन ब्लाँ ही व्हाइट वाइन थंडगार, पिकल्या पेरूसारखा वास, जराशी गोडसर. आवडली. सोविन्यों ब्लाँला मात्र नुकत्या चिरलेल्या ढोबळ्या मिरचीचा वास! बायकोला हुंगायला दिला, तीही तेच म्हणाली. वाढणारा हसला, म्हणे या द्राक्षाची ती ओळखच आहे.

घोळ झाला तो शिराझपाशी. मिरीचा झणका छान, पण घोट गिळल्यावर जीभ कच्चं केळं खाल्ल्यासारखी कोरडीठाक. हे द्राक्षाच्या सालीतलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, एवढं कळलं. पण ग्लासही कोमट लागत होता. रेड १६ ते १८ अंशांवर प्यावी म्हणतात, मे महिन्यात नाशकात ती कुठून मिळणार?

तरी हौसेने एक बाटली घरी आणलीय. प्यायच्या आधी फ्रीजमध्ये किती वेळ ठेवू? तासभर आधी उघडून ठेवली तर तुरटपणा खरंच कमी होतो का? शनिवारी काळ्या मसाल्याचं मटण ठरलंय, पण तिखटाने रेड आणखी बोचते असं मेहुणा म्हणतो. (तो वाइनमध्ये सोडा घालतो, म्हणून तुम्हाला विचारतोय.)