बाजाराच्या दिवशी बिस्त्रोत जेवण : फ्रान्समधल्या छोट्या गावांचे अनुभव सांगा

पॅरिसमध्ये कुठे जेवावं यावर भरपूर लिहून झालंय. मला हवेत छोट्या गावांतले अनुभव, जिथे आठवड्याचा बाजार भरतो आणि तो उठता उठता सगळं गाव जेवायला बसतं. तिकडे राहणाऱ्यांनी, फिरून आलेल्यांनी, सगळ्यांनी लिहा. सुरुवात मी करते.

पूर्व फ्रान्समधल्या ब्रेस भागात लुआं नावाचं गाव आहे. बाजार सोमवारचा. मुख्य रस्त्याच्या दुतर्फा १५७ कमानी, आणि बाजारात खुराडीच्या खुराडी कोंबड्या. ब्रेसची कोंबडी म्हणजे पांढरी पिसं, लाल तुरा, निळे पाय. आपल्या हापूससारखं तिलाही मानांकन आहे, १९५७ पासून कायद्याचं संरक्षण. त्या भागात, मोकळ्या कुरणात वाढलेली असेल तरच ते नाव लावता येतं.

बाराच्या ठोक्याला आम्ही एका बिस्त्रोत, म्हणजे छोट्या साध्या खाणावळीत, शिरलो. टेबलावर कागद अंथरलेला, भिंतीवरच्या पाटीवर खडूने लिहिलेले तीनच मुख्य पदार्थ. क्रीममध्ये शिजवलेली कोंबडी घेतली. मसाला असा काही नाही, पण मांसालाच इतकी चव की पहिले दोन घास आम्ही कुणीच बोललो नाही.

शेजारच्या टेबलावर एक वयस्कर शेतकरी एकटे जेवत होते. खिशातला घडीचा चाकू काढून त्यांनी त्यानेच मांस कापलं. शेवटी ब्रेडच्या तुकड्याने बशी पुसली, त्याच तुकड्यावर पातं पुसलं, तुकडा तोंडात टाकला आणि चाकू मिटून खिशात ठेवला. माझे आजोबा भाकरीच्या शेवटच्या तुकड्याने ताट असंच लख्ख करायचे.

*

मी आईला घेऊन सार्लाला गेलो होतो, दोर्दोन्यमध्ये. शनिवारचा बाजार, जिकडेतिकडे अक्रोड आणि बदकाचे पदार्थ. आई माळकरी. म्हटलं, बटाटे तरी खाईल. लसूण-पार्स्ली घातलेल्या बटाट्यांचा वास दारापर्यंत येत होता. तरी मागवायच्या आधी विचारलं, ते बरं केलं. बदकाच्या चरबीत परततात ते! सार्लाचे बटाटे म्हणजे हेच, असं मालकीणबाईंनी सांगितलं. मग त्यांनी आईसाठी हिरवा पाला, अक्रोड आणि गरम केलेलं बकरीच्या दुधाचं चीज असं सॅलड करून दिलं. लार्दों, म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, घातले नाहीत हे दोनदा सांगून गेल्या.

शाकाहारी मंडळींनो, नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही. चरबी, लार्दों, सूपचा स्टॉक, सगळं एकेक विचारा. आणि चीजचंही. तिथली पारंपरिक चीजं बहुधा वासराच्या किंवा करडाच्या जठरातल्या रेनेटने विरजलेली असतात. मला हे परत आल्यावर कळलं. आईला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "त्या बाईने मनापासून केलं होतं रे." माझ्या मनाला ते अजून लागून आहे.

*

वेळ पाळा, एवढंच मला कळकळीने सांगायचंय. बर्गंडीतल्या बोन गावात १४४३ साली स्थापन झालेलं जुनं रुग्णालय बघताना, त्याची रंगीत कौलं न्याहाळताना आम्हाला सव्वादोन झाले. ज्या बिस्त्रोत गेलो तिथे स्वयंपाकघर बंद. मुलगा भुकेने रडकुंडीला आलेला, आणि आत माणसं अजून जेवत होती. फार राग आला. दुसऱ्या दिवशी बाराला गेलो आणि अंडी 'आं मरेत' खाल्ली. रेड वाइनच्या जांभळट-काळ्या रश्श्यात कवच फोडून, उकळीखालच्या पाण्यात सोडून शिजवलेली मऊ अंडी, खाली लसूण चोळलेला भाजका पाव. चमचा लावला की पिवळा बलक त्या काळ्या रश्श्यात पसरतो. मुलाने वाटी पुसून खाल्ली (शिजताना वाइनमधलं सगळंच अल्कोहोल उडत नाही, लहान मुलांना द्यायचं का ते आपापलं ठरवा).

*

आत शिरताच 'बोंजूर' म्हणा. तेही टेबल मागण्याआधी. माझा अनुभव, त्या एका शब्दाने समोरच्याचा सूर बदलतो.

*

शिकत असताना मी एका गावातल्या बिस्त्रोत शनिवार-रविवार भांडी घासायचो, म्हणून आतली बाजू सांगतो. मालक सकाळी सातला टोपल्या घेऊन स्वतः बाजारात जायचे. लीक (कांद्याच्या पातीसारखी जाड भाजी) चांगला मिळाला तर लीक, नाहीतर अंडी-मेयोनेज. पाटी त्यानंतर लिहायची. म्हणून दहा वाजता 'आज काय आहे' विचारलंत तर उत्तर मिळत नाही. एखादा पदार्थ संपला की ओल्या फडक्याने ती ओळ पुसायची, दुपारी दीडपर्यंत पाटीवर एखादीच ओळ उरायची.

साधं पाणी मागितलं की फुकट मिळतं, 'उन काराफ दो' म्हणायचं. ब्रेडचे पैसे नसतात. सेवेचा आकार किमतीतच धरलेला असतो, टीप ऐच्छिक. बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत, कारण न मागता आणणं म्हणजे पाहुण्याला उठ म्हणण्यासारखं.

आणि आम्ही कामाची माणसं अकरालाच जेवून घ्यायचो, दार उघडायच्या आधी, सगळे एकाच टेबलावर. पहिल्या दिवशी मी बशी घेऊन कोपऱ्यात उभा राहिलो होतो. मालकांनी खुर्ची ओढली आणि ब्रेडची टोपली माझ्याकडे सरकवली.