‘मनावर घेतलं की दारू सुटते’ म्हणणाऱ्यांना

पाणवठा:
काल ‘माळकरी’ यांनी इथे लिहिलं की व्यसनमुक्ती केंद्रं, गट, समुपदेशन ही सगळी पैसे काढायची दुकानं आहेत; मनावर घेतलं की दारू एका दिवसात सुटते, त्यांच्या वडिलांची सुटली. खाली सगळ्यांनी वा वा केलंय. मला रात्रभर झोप लागली नाही.

माझ्या मोठ्या भावाने मनावर घेतलं होतं. गणपतीत आईच्या पायांवर हात ठेवून शपथ घेतली, बाटली मोरीत ओतली. ‘मी ओरडलो तरी उघडू नका’ असं त्यानेच सांगितलं, म्हणून माडीवरच्या खोलीला आम्ही बाहेरून कडी लावली. दुसऱ्या रात्री वर धप्पकन आवाज झाला. आम्हाला वाटलं, दार उघडावं म्हणून नाटक करतोय. ती फिट होती. तिसऱ्या दिवशी दार उघडलं तेव्हा ओठांवर रक्त वाळलेलं, जीभ चावलेली, आणि तो चादरीवरून मुंग्या वेचून वाटीत टाकत होता. चादरीवर एकही मुंगी नव्हती. त्याने मला ओळखलं नाही.

रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते, दोन-चार दिवसांत असा भ्रम होतो, आणि त्यात माणसं मरतात. माझा भाऊ निश्चयात कुठेही कमी पडला नव्हता. कडी आम्ही लावली होती.

माळकरी:
भावाचं ऐकून वाईट वाटलं. पण म्हणून माझे वडील खोटे ठरतात का? 1994 च्या आषाढीला त्यांनी पंढरपुरात माळ घातली, नंतर थेंब नाही. ना गोळी, ना डॉक्टर. गावात असे आणखी चौघं दाखवतो. हल्ली ज्याला-त्याला आजार म्हणायचं फॅड आलंय, मग माणूस स्वतः काहीच करत नाही.

आजचा_दिवस:
माळकरी, मी अकरा वर्षं कोरडा आहे, तरी पुढच्या वर्षाचं बोलत नाही. तुमच्या वडिलांना माझा दंडवत. पण त्यांनी एकट्याने सोडली हे मला पटत नाही. दर वर्षी दिंडी, एकादशीला भजन, ‘माउली’ म्हणून पाया पडणारी माणसं, पिऊन गेलं तर लगेच ओळखणारा शेजारचा वीणेकरी. याला गट म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? 1935 साली अमेरिकेत ॲक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघे पिणारे, एकमेकांशी बोलत बसले, त्यातून एए, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस हा दारू सोडणाऱ्यांचा गट उभा राहिला. आमची मीटिंग शाळेच्या वर्गात भरते. बाकात गुडघे मावत नाहीत, पण तिथे माझं खोटं दोन मिनिटांत पकडलं जातं. बायकोला ते वीस वर्षं पकडता आलं नाही.

रोखठोक:
एएचं कौतुक पुरे. ‘उच्च शक्ती’ला शरण जा म्हणतात, मी नास्तिक आहे, दोन मीटिंगांत उठून आलो. आणि दुकानांबद्दल माळकरी अर्धं खरं बोलले आहेत. माझ्या मावसभावाला एका केंद्राने रात्री गाडी पाठवून उचलून नेलं, डोकं भादरलं, पट्ट्याने मारलं. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा व्यसनाच्या रुग्णालाही लागू आहे. नोंदणी आहे का, हे आधी विचारा.

पाणवठा:
मारणारी आहेत, मान्य. पण म्हणून सगळी दुकानं? पुण्यात गर्द या अमली पदार्थाने पोरं मरत होती तेव्हा, 1986 च्या ऑगस्टमध्ये, डॉ. अनिता अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाईंनी त्याला देणगी दिली. ती पैसे काढायला?

साधना_ठाणे:
शपथा तुमच्या, माळा तुमच्या. बाईच्या हातात काय असतं? ‘पिणाऱ्याला न कळता दारू सोडवा’ ही जाहिरात वाचून मी गोळ्या आणल्या आणि सात महिने आमटीत कुटून घातल्या. एका रात्री ते पिऊन आले, तोंड बिटासारखं लाल, ओकत जिन्यातच कोसळले. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

रोखठोक:
ताई, याला विषप्रयोग म्हणतात.

साधना_ठाणे:
पगाराच्या दिवशी मुलांना शेजाऱ्यांकडे झोपवलंय कधी? मग शब्द वापरा.

आजचा_दिवस:
रोखठोक, जरा दमानं. साधनाताई, ती बहुतेक डायसल्फिराम असणार. त्या गोळीने दारूचं पचन अर्ध्यात अडतं, अंगात विषारी द्रव्य साठतं, रक्तदाब कोसळतो. गोळी थांबवल्यावरही परिणाम दोन आठवडे राहू शकतो. पिणाऱ्याला सगळं सांगून, त्याची संमती घेऊन, डॉक्टरांच्या देखरेखीत ती उपयोगी पडते. चोरून कधीच नाही. चूक जाहिरात देणाऱ्याची आहे.

माळकरी:
आमच्या गावात घरोघरी घालतात हो ती पावडर. काही होत नाही कुणाला.

साधना_ठाणे:
जिन्यात मी होते, तुम्ही नव्हता. पुढे पिणाऱ्यांच्या बायकांच्या गटात गेले. पहिल्याच दिवशी एका बाईने विचारलं, ‘तू जेवलीस का?’ चौदा वर्षांत सगळ्यांनी ‘तो जेवला का’ एवढंच विचारलं होतं. ते अजून पितात, कमी-जास्त. पण मी आमटीत काही घालत नाही आणि रात्री झोपते.

रोखठोक:
विषप्रयोग हा शब्द मागे घेतो. पद्धत चूकच होती, ते मागे घेत नाही.

माळकरी:
पाणवठा, वडिलांचं मी सोडणार नाही. पण काल रात्री चुलत्यांच्या मुलाचा फोन आला. सकाळी उठल्या उठल्या लागते त्याला, हात थरथरतात. सोमवारपासून एकदम बंद करतो म्हणतोय. मीच त्याला मागे लागून तयार केलंय. आता काय सांगू?

पाणवठा:
आजच फोन करा. स्वतःहून एकदम बंद करू नकोस, खोलीत कोंडून घेऊ नकोस, हे आधी सांगा. उद्या सकाळी जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीत न्या. रोज किती, किती वर्षं, शेवटचा घोट कधी, आधी कधी फिट आली होती का, हे कागदावर लिहून न्या. तिथे तो कमीच सांगणार. 14416 वर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. मध्येच फिट आली किंवा बरळायला लागला तर थेट 108. आणि त्याच्यासोबत तुम्ही स्वतः जा.

माळकरी:
जातो. पहाटेच्या एसटीने.