शर्यत चालू आणि आमची लेक सँडविच खात बसलेली, हे काय गौडबंगाल आहे?

मिरजकर_बाबा

नमस्कार मंडळी. विमानातलं मला ओ की ठो कळत नाही, म्हणून इथे विचारतोय. धाकटी लेक अमेरिकेत एव्हिएशन शिकते. सध्या ती आणि तिची मैत्रीण 'एअर रेस क्लासिक' नावाच्या शर्यतीत उतरल्या आहेत. फक्त बायकांची शर्यत. चार दिवस, साधारण २४०० मैल, मध्ये बरेच थांबे. दोघींत एक सेस्ना १७२.

काल रात्रभर (म्हणजे त्यांचा दिवस) मोबाइलवर नकाशा उघडून बसलो होतो. त्यांच्या दुपारपासून ठिपका जागचा हलला नाही. बाकीची विमानं भराभर पुढे निघालेली. मला वाटलं, इंजिन गेलं. फोन केला तर म्हणते, "बाबा, काही झालेलं नाही, आम्ही सँडविच खातोय. वाऱ्याची वाट बघतोय." वर आणखी सांगते की सगळ्यांत शेवटी पोचलो तरी पहिला नंबर येऊ शकतो.

मी एसटीत कंट्रोलर होतो. उशिरा आलेल्या गाडीला कुणी बक्षीस दिल्याचं ऐकलं नाही. पोरगी मला गुंडाळतेय का?

दुसरं, उद्या शेवटचा दिवस. संध्याकाळी पाचच्या आत पोचायलाच हवं म्हणते. तिची आई सकाळपासून एकच विचारतेय, घाईघाईत ढगात शिरणार नाहीत ना?

खवट_आजोबा

बाबा, वाऱ्याची वाट बघणारी लाल गाडी आमच्या स्टँडवर रोज असायची. तिला नंबर मात्र कधी मिळाला नाही.

सेस्नावाली

काका, लेक अक्षरशः खरं बोलतेय. मी विचिटात राहते, ही शर्यत उडवलेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शर्यतीआधी प्रत्येक विमान पूर्ण थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनाला सगळा जोर देऊन, उडवून त्याचा वारा वजा जाता वेग किती ते ठरवतात. तो त्या विमानाचा हँडिकॅप. त्यापेक्षा तुम्ही किती जास्त वेगाने गेलात, तेवढे तुमचे गुण. समजा लेकीच्या सेस्नाचा आकडा १२० नॉट (विमानाचा वेग मोजायचं माप) आहे आणि शेजारच्या बोनान्झाचा, म्हणजे जास्त वेगवान विमानाचा, १६५. लेकीची सरासरी १२९ पडली तर अधिक ९. बोनान्झावाल्या १६९ने गेल्या तर अधिक ४. बोनान्झा चार तास कमी उडून, हॉटेलात अंघोळ वगैरे करून बसली असेल, पण जिंकली सेस्ना.

आता थ्रॉटल तर सगळ्यांचाच पुढे ठोकलेला. मग वरचे ९ नॉट आणायचे कुठून? वाऱ्याकडून. आणि जमिनीवर बसलात तो वेळ मोजतच नाहीत. म्हणून सँडविच.

शर्यत जूनमध्ये असते. आमच्या या मैदानी भागात फ्रंट (थंड हवेची सरकती आघाडी) यायच्या आधी दक्षिणेचा वारा सणकून वाहतो आणि फ्रंट पुढे सरकला की वायव्येचा सुरू होतो. टप्पा उत्तरेला असेल तर फ्रंटच्या आधी निघून जायचं, दक्षिणेला असेल तर तो जाईपर्यंत गप्प बसायचं. नाकावर, म्हणजे समोरून, १५ नॉट वारा घेऊन दोन तास उडलात तर तेवढ्यात शर्यत हातची जाते, मग पुढे कितीही चांगलं उडवा. त्यामुळे जे पुढे निघून गेले ते पुढे आहेत असं समजू नका.

बसायचं आणखी एक कारण असतं, ऊन. पश्चिमेकडचे बरेच विमानतळ उंचावर आहेत. ५००० फुटांवरच्या धावपट्टीवर पारा ३५ला गेला की हवा इतकी विरळ होते की विमान साडेआठ हजार फुटांवर असल्यासारखं वागतं. धावपट्टी संपत आली तरी उठायला मागत नाही. टाक्या भरलेल्या आणि दोन माणसं, अशा सेस्नाने भर दुपारी तिथून निघायचं कशाला? उजाडताच निघायचं. तेव्हा हवाही शांत असते.

वर गेल्यावर दोघींना उसंत नसते. एक उडवते, दुसरी दर दोन-तीन मिनिटांनी जमिनीच्या मानाने वेग किती ते वाचते. पाचशे फूट वर जाऊन बघायचं, दोन नॉट वाढले का? नाही? मग परत खाली. पण चढायलाही वेग खर्ची पडतो, तेव्हा किती वेळा बघायचं हेही ठरवावं लागतं. वारा मागून असेल तर उंच जायचं, समोरून असेल तर खाली दबून जायचं. खाली म्हणजे जमिनीपासून हजार-दीड हजार फूट, एसी नाही, तापलेल्या शेतांवरून हवा उसळ्या मारतेय, डोकं छताला लागतंय. मांडीवरच्या पॅडवर मी लिहिलेले आकडे माझे मलाच वाचता यायचे नाहीत, मैत्रीण मोठ्याने बोलून पाठ करायची. लेकीला विचारा, तिच्याकडेही अशी पानं असतील.

ढगांचं. ही शर्यत फक्त दिवसाउजेडी आणि डोळ्यांनी बाहेर बघत उडवायची असते, ढगात शिरायला नियमातच जागा नाही. पाचच्या आत शेवटची रेषा पार झाली नाही तर शर्यत पूर्ण केली असं धरत नाहीत, बस. लायसन्सला काही होत नाही.

तरी वहिनींची काळजी अगदीच फुकट नाही. नियम माहीत असूनही शेवटच्या दुपारी माणूस "आता एवढे आलोच आहोत तर" म्हणायला लागतो. आम्ही सकाळी, डोकं थंड असताना, कागदावर लिहायचो: अमुक वाजेपर्यंत अमुक गाव दिसलं नाही तर तमुक विमानतळावर उतरायचं. मग वर वाद घालायचा नाही, कागद म्हणेल ते. लेकीला एवढंच विचारा, कागद लिहिलाय का?

मिरजकर_बाबा

ताई, हिला सगळं वाचून दाखवलं. कागदाचं विचारलं, लिहिलाय म्हणाली. (आणि "हे तुम्हाला कुणी शिकवलं?" असंही विचारलं!)

एक राहिलं. परवा ठिपका एका विमानतळावर आला आणि न उतरताच पुढे गेला. म्हणते, धावपट्टीजवळून खालून सुसाट गेलो. हा काय प्रकार?

सेस्नावाली

त्याला फ्लाय-बाय म्हणतात, सगळ्या शर्यतीतली मजा तिथेच. प्रत्येक थांब्यावर एक रेषा ठरलेली असते, तिथे वेळ टिपणारे स्वयंसेवक बसलेले असतात. रेडिओवर आपला नंबर सांगायचा, नाक खाली घालायचं आणि काहीशे फुटांवरून रेषा ओलांडायची. त्या क्षणी टप्पा संपला. मग वर खेचून, वेग कमी करून हवं तर उतरा, नाहीतर तसेच पुढच्या टप्प्याला लागा. तुमची लेक पुढे गेली म्हणजे वारा मागून होता आणि टाकीत पेट्रोल पुरेसं होतं.

बघायला सोपं वाटतं. पण खाली झेपावताना इंजिनाचा काटा मिनिटाला २७०० फेऱ्यांच्या लाल रेषेला टेकायला लागतो, म्हणजे ऐन शेवटी थ्रॉटल थोडा मागे घ्यावा लागतो. चार दिवसांत तेवढाच काय तो मागे. त्यात आणखी तीन विमानं त्याच वेळी रेषेवर आली की एकीने रेडिओ आणि बाहेरची विमानं सांभाळायची, दुसरीने फक्त उडवायचं.

जुनी_कात्रणं

थोडा इतिहास. या शर्यतीची आजी म्हणजे १९२९ची विमेन्स एअर डर्बी. १८ ऑगस्टला सँटा मोनिकाहून निघाल्या, २६ला क्लीव्हलँड. लुईझ थेडन जिंकली, अमेलिया इअरहार्ट तिसरी. थेडनच्या कॉकपिटमध्ये इंजिनाचा विषारी वायू शिरायचा, म्हणून बाहेरची हवा आत आणणारी एक नळी बसवून घेतली आणि नाक तिच्याशी धरून ती उडली. मार्व्हल क्रॉसन मात्र ॲरिझोनात विमान कोसळून गेली. बायकांना उडू देऊ नका अशी ओरड झाली, तरी बाकीच्या थांबल्या नाहीत.

आपल्याकडचं उदाहरण १९३०चं. इंग्लंड ते भारत किंवा उलट, एकट्याने उडत येणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांचं ५०० पौंडांचं बक्षीस होतं. जेआरडी टाटा कराचीहून निघाले, अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबुकीरला जेआरडी उतरले तर अस्पी तिथे स्पार्क प्लगवाचून अडकलेले. जेआरडींनी आपल्याकडचे जादा प्लग दिले. अस्पी आधी पोचले, बक्षीस त्यांना. पुढे ते हवाई दलप्रमुख झाले. मला विचाराल तर त्या शर्यतीत लक्षात राहतो तो हरलेलाच.

मिरजकर_बाबा

वा! हे ठाऊक नव्हतं. ताई, शेवटचं विचारतो. पाच म्हणजे आमच्याकडचे किती? आणि निकाल लगेच लागतो का?

सेस्नावाली

शेवटचा थांबा पूर्वेकडच्या वेळेत असेल तर तुमच्याकडे रात्रीचे अडीच, मधल्या भागात असेल तर साडेतीन. निकाल लगेच नाही. सगळ्यांचे सगळे टप्पे तपासतात, मग समारंभात नावं वाचतात. तोवर कोण जिंकलं ते कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे लेकीला खोदून विचारू नका. आणि काका, ठिपका थांबला की लगेच फोन लावू नका. आधी विमान दोरांनी बांधायचं असतं, आणि त्याच्याही आधी बाथरूम गाठायचं असतं.