घरच्या घरी ससेपालन: मांस आणि कातडी, दोन्ही एकाच जनावरातून जमतं का?

माणदेशी
घरामागे १२ बाय १० फुटांची पत्र्याची शेड रिकामी आहे. न्यूझीलंड व्हाइट जातीच्या ५ माद्या आणि १ नर ठेवायचा विचार आहे. मांस घरी खायला, उरलं तर ओळखीत. कातडी कमावून विकता आली तर हवीच आहे. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४० च्या वर जातो. पिंजरा केवढा करू, उन्हाळ्यात ससे टिकतात का, आणि १२ आठवड्यांच्या सशाची कातडी कामाची असते का? व्हिडिओंमध्ये सगळे नफाच सांगतात, मरतूक कोणी सांगत नाही.

वेल्डमेश
मादीला अडीच फूट लांब, दोन फूट खोल, दीड फूट उंच पिंजरा. तळाला १४ गेजची, १ बाय अर्धा इंच छिद्राची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली) जाळी. तिच्या अर्ध्या इंचाच्या अंतरावरच्या तारा वरच्या बाजूला घ्या, पायाला आधार मिळतो. पातळ तार झोळते, मग ससा एकाच ठिकाणी बसून टाचा सोलून घेतो. कोपऱ्यात फूटभर लांबीची फळी टाका. बाजूच्या जाळीचा खालचा १० सेंमी पट्टा अर्धा बाय अर्धा इंचाचा हवा, नाहीतर पिल्लं बाहेर घसरतात.

पिंजरे जमिनीपासून तीन फुटांवर. पिंजऱ्याच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, त्यात चमचाभर तेल. हे विसरू नका. लाल मुंग्या एका रात्रीत अख्खं वेत संपवतात. घूस, मांजर आणि साप यांच्यासाठी शेडलाच बाहेरून जाळी मारा. लेंड्या-मुताचा ढीग खाली साठू दिला की अमोनिया वाढतो आणि शिंका सुरू होतात. शेडमध्ये तुमच्या नाकाला झोंबलं म्हणजे सशांना ते आधीपासून झोंबतंय.

नर १ नको, २ ठेवा. का, ते खाली कोणीतरी सांगेलच.

गाभणकाळ
सांगतो. तापमान बरेच दिवस ३० च्या वर राहिलं की नराचं वीर्य बिघडतं, आणि नवीन शुक्राणू तयार व्हायला सात-आठ आठवडे लागतात. म्हणून जूनमध्ये पाऊस पडून गारवा आला तरी माद्या गाभण राहात नाहीत. लोक मादीला दोष देऊन ती विकून टाकतात. एकच नर असेल तर अख्खा हंगाम हातचा जातो. दोघांपैकी एक तरी उन्हाळाभर मातीच्या भिंतीच्या, गार खोलीत ठेवा.

तुमच्या माण तालुक्यात शेवटची जोडणी जानेवारीअखेर. गाभणकाळ ३१ दिवसांचा, म्हणजे वेत फेब्रुवारीअखेर आणि पिल्लं एप्रिलच्या सुरुवातीला दुधावरून सुटी. एप्रिल-मेत विणारी मादी शेवटच्या आठवड्यात उष्म्याने जाते, पोटातल्या पिल्लांसकट. पत्र्यावर उसाचं पाचट किंवा कडबा जाड पसरा, दुपारी ओलं गोणपाट, आणि पिंजऱ्यात गोठवलेली पाण्याची बाटली. ससा तिला टेकून बसतो. पंखा चालेल, पण तोंडावर थेट झोत नको.

जोडणी ५-६ महिन्यांनी, वजन ३ किलोच्या आसपास झाल्यावर. मादी नराच्या पिंजऱ्यात न्यायची, नर मादीकडे कधीच नाही. ती आपली जागा राखते आणि त्याला फोडून काढते. नर बाजूला कोसळला की काम झालं. आठ-दहा तासांनी पुन्हा एकदा न्या. १२ ते १४ व्या दिवशी पोट चाचपलं तर द्राक्षाएवढ्या गोळ्या हाताला लागतात. लेंड्या त्याहून कडक आणि मागे असतात. २८ व्या दिवशी दीड बाय एक फुटाची पेटी, उंबरा १५ सेंमी, आत कोरडं गवत.

विल्यावर मादी दिवसातून एकदाच, पहाटे, चार-पाच मिनिटं दूध पाजते. दिवसभर जवळ बसली नाही म्हणून 'टाकली' असं समजू नका. पिल्लाचं पोट गोल आहे का ते बघा. सुरकुतलेलं दिसलं तरच काळजी.

ऑगस्ट ते जानेवारीतल्या जोडण्यांतून ४ वेतं, वेताला ६ जगली, ५ माद्या: वर्षाला १२० ससे. २ किलोचा ससा साफ करून किलोभर मांस देतो. किलोभर वजन वाढायला साडेतीन ते चार किलो खाद्य जातं. हिशेब या आकड्यांवर मांडा.

कातडीवाला
आता कातडीचं. मांस आणि कातडी एकमेकांच्या वाटेत येतात. १२ आठवड्यांच्या सशाचे लहानपणीचे केस गळत असतात, चामडं कागदासारखं. कमावलं तरी हाताला केस येतात. चांगली कातडी ५-६ महिन्यांनंतर, तीही थंडीत. तोवर वजनवाढ मंदावते आणि खाद्य तेवढंच जातं. म्हणून कातडी काढा ती डिसेंबर-जानेवारीत बाद करायच्या मोठ्या माद्यांची. रंगीत ससा असेल तर फुंकर मारून बघा: बुडाशी चामडं निळसर-काळपट दिसलं तर केस अजून वाढताहेत. थांबा. न्यूझीलंड व्हाइटसारख्या पांढऱ्या सशात ही खूण दिसत नाही.

बनियनसारखी उलटी सोलायची, गरम असतानाच. ७-८ लिटर पाण्यात पाव किलो जाडं मीठ, पाव किलो तुरटी, दोन दिवस भिजवा. मग आतला पापुद्रा एका बाजूने धरून ओढून काढा आणि नव्या द्रावणात आठवडाभर ठेवा, रोज ढवळून. सावलीत वाळवा. उन्हात किंवा चुलीजवळ ती सरसासारखी कडक होते. अर्धवट वाळल्यावर लाकडाच्या कडेवर घासून मऊ करायची. ही वेळ चुकली की पुन्हा ओली करावी लागते. तुरटीची कातडी धुतली की तुरटी निघून जाते, त्यामुळे अंगावरच्या कपड्याला ती नको. लोकरीसाठी अंगोरा कोणी सुचवला तर ऐकू नका, तो थंड प्रदेशाचा. राजस्थानातल्या अविकानगरच्या केंद्रीय मेंढी-लोकर संशोधन संस्थेनेही त्यासाठी हिमाचलात कुल्लूकडचं गडसा निवडलं.

चाराकुट्टी
सुबाभूळ जास्त घातला की केस गळतात, त्यातल्या मिमोसिन या विषारी घटकामुळे. लसूणघास, शेवग्याचा पाला चालतो, पण कापून आधी सुकू द्या. ओला, तापलेला चारा म्हणजे पोटफुगी. कोंबडीचं खाद्य अजिबात नको, त्यात मोनेन्सिन, नारासिनसारखी औषधं असू शकतात आणि ती सशाला विषारी आहेत. शेंगपेंड बुरशी लागलेली नको. मोठ्या सशाला रोज १२० ते १५० ग्रॅम गोळी खाद्य आणि गवत हवं तेवढं. पाजणाऱ्या मादीला दोन्ही मोजू नका. आणि पाणी: चारा ओला असला तरी लागतं.

माणदेशी
कातडीचा नाद सोडला. आजार? आणि एक जण ससे देऊन 'पिल्लं हमीभावाने परत घेतो' म्हणतोय.

गाभणकाळ
२०१९ मध्ये इस्लामपूरकडे कडकनाथ कोंबडीत हेच झालं: परत घेण्याची हमी दिली आणि शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. तुमचा ग्राहक तुम्ही शोधा, ससे बाजारभावाने घ्या. रानससा पकडून मिसळायचा विचार असेल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे, आणि दोघांचा संकरही होत नाही.

वेल्डमेश
आजारात पहिला कॉक्सिडिओसिस, म्हणजे आतड्यात-यकृतात वाढणाऱ्या सूक्ष्म परजीवीचा रोग. ४ ते १० आठवड्यांची पिल्लं, मागचा भाग घाण, वाढ थांबते. कापल्यावर यकृतावर पांढरे ठिपके दिसले तर तुमच्या शेडमध्ये तो आहेच. जाळी कोरडी ठेवा, औषध पशुवैद्यकाकडून घ्या. दुसरी कानाची खरूज: कानात तपकिरी खपल्या. त्या खरवडू नका, रक्त येतं. त्यावर आयव्हरमेक्टिन (खरजेचे किडे मारणारं औषध) १ टक्का, ४ किलोच्या सशाला ०.०८ मिली कातडीखाली, १४ दिवसांनी पुन्हा. इन्सुलिनची सिरिंज वापरा. त्या सशाचं मांस निदान महिनाभर नाही. पिसवांसाठी कुत्र्याचा फिप्रोनिल स्प्रे मारू नका, ससा मरतो. अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातली औषधं तोंडाने दिली तर आतड्यातले जंतू बिघडून दोन-चार दिवसांत खेळ संपतो. हे औषध दुकानदार सांगत नाहीत.