कुवेतची बोली अरबी: व्याकरण कुठून धरावं?

निपाणीहून: भाऊ कुवेतला निघालाय. पुस्तकी अरबी वाचतो, बोली कळत नाही. सुरुवात कुठून?

खानापूरकर: दादा, भाऊ इजिप्शियन व्हिडिओ बघत असेल तर ते आधी बंद करायला सांगा. 'बरूह' म्हणजे इजिप्तमध्ये 'मी जातो', कुवेतमध्ये 'मी जाईन'. इजिप्तमध्ये 'जाईन'ला 'हरूह'. दोन्ही एकदम शिकलं की काळाचा घोळ ठरलेलाच.

बेळगावकर: मग नकार. मराठी-कन्नडात तो शेवटी येतो, 'जात नाही', 'होगल्ला'; तिथं आधी. क्रियापदाला 'मा': 'मा अरूह', म्हणजे मी जात नाही. विशेषणाला 'मू': 'मू झेन', म्हणजे चांगलं नाही. इथं 'मा' चालत नाही.

चिकोडीहून: पुस्तकातले विभक्तीचे अंत्य स्वर आणि क्रियापदांचं द्विवचन सोडा, बोलीत ते नाहीत. बाईशी बोलताना मात्र 'तू जातेस'ला 'त्रूह' नव्हे, 'त्रूहीन'.