नव्या स्पोर्ट्स कारचं पहिलं तेल: स्क्रीनवर येईपर्यंत थांबायचं, की 2,000 किमीलाच उतरवायचं?

तापीकाठ (जळगाव)
पुतण्यानं बीएमडब्ल्यू एम340आय घेतली. डिलिव्हरी देताना सल्लागार म्हणाला, गाडी स्क्रीनवर सांगेल तेव्हा तेल बदला, तोवर बॉनेट उघडूही नका. मला हे अजिबात पटलेलं नाही.

नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर घासून बसतात. त्यातून निघणारा धातूचा कीस तेलातच उतरतो. मोठे कण फिल्टर अडवतो, अगदी बारीक मात्र पार होतात आणि टर्बोच्या बेअरिंगमधून फिरत राहतात. त्याच कंपनीची एम2 घेतली तर 2,000 किमीला रनिंग-इन (नवी गाडी रुळवण्याच्या काळाची) सर्व्हिस करावीच लागते, इंजिन आणि डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटून देणारा गिअरसंच) दोन्हींचं तेल बदलून. दोन्ही गाड्यांत तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन. मग एकीत कीस निघतो आणि दुसरीत निघत नाही, असं कसं? साडेसहा लिटर तेल आणि एक फिल्टर. पाऊण कोटीच्या गाडीत यावर विचार करत बसायचं कशाला?

भुसावळकर
राम राम काका. तुमचा मुद्दा कळला, पण मी विरोधात आहे.

एम2 चं एस58 इंजिन आणि तुमच्या एम340आयचं बी58 इंजिन एकाच घराण्यातले असले तरी एस58 ट्रॅकवर तास न् तास पिळायला बनवलंय. त्याचे नियम याला का लावायचे? कीस आजकाल पूर्वीइतका निघतही नाही. बी58 च्या ॲल्युमिनियम ब्लॉकमध्ये आतून आर्क-स्प्रेनं (वितळलेली धातूची तार फवारून) लोखंडाचा पातळ थर दिलेला असतो आणि होनिंग (सिलिंडरच्या भिंतीची घासाई) इतकं नेमकं असतं की रिंगांना घासायला फार उरत नाही. होंडा तर स्पष्ट सांगते की कारखान्यातलं तेल ठरलेल्या वेळेआधी काढू नका. ज्यांनी इंजिन बनवलं त्यांच्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं, असं मी तरी म्हणणार नाही.

लळिंग घाट (धुळे)
मी गॅरेजवाला आहे, दोघांनाही एक सांगतो. तेलावर भांडताय, पण पहिले 2,000 किमी गाडी चालवली कशी हे कुणी विचारलंच नाही.

आपल्याकडे नवी गाडी घेतली की माणूस थेट सुरत-नागपूर हायवेला लागतो, क्रूझ कंट्रोल शंभरावर लावतो आणि अकोल्यापर्यंत पाय हलवत नाही. याहून वाईट रनिंग-इन नाही. रिंगा बसायला सिलिंडरमधला दाब सतत बदलायला हवा. थोडा जोर, मग ॲक्सिलरेटर सोडून इंजिन ब्रेकिंग, पुन्हा जोर. मॅन्युअलमध्येही पहिले 2,000 किमी 4,500 आरपीएम आणि ताशी 160 किमीची मर्यादा आहे, ती पाळा. उलट टोकही नको. कन्नड घाटात वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर गाडी ओढत नेणं म्हणजे नव्या बेअरिंगवर अत्याचार.

आणि किलोमीटर मोजताना उभ्या गाडीचे तास धरा. मे महिन्यात जळगावात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो, एसीसाठी इंजिन चालू ठेवून लोक अर्धा अर्धा तास बसतात. ओडोमीटर जागचा हलत नाही, तेल मात्र झिजतं. म्हणून मी तापीकाठ काकांच्या बाजूनं. तेल सस्तं शे भो, इंजिन महाग शे.

केळीपट्टा (रावेर)
दादा, उन्हाळ्याचा विषय काढलाच आहे तर ग्रेडचं बोला. 0डब्ल्यू-20 हे पातळ तेल आपल्या उन्हात टिकतं का? मी तर थेट 40 चं जाड तेल टाकायच्या मताचा आहे.

भुसावळकर
भाऊ, 0डब्ल्यू मधला 0 थंडीत सुरू होण्यासाठी असतो, त्याचा आपल्याला उपयोग नाही आणि त्रासही नाही. गरम तेलाचं म्हणाल, तर बाहेर 25 अंश असोत की 45, थर्मोस्टॅट आणि कूलिंग तेलाचं तापमान शंभराच्या आसपासच सांभाळतात. मॅन्युअलमधली मान्यता (कंपनीनं कोणतं तेल मंजूर केलंय ते) बघा, डब्यावरचा मोठा आकडा नको.

लळिंग घाट (धुळे)
महामार्गावर बरोबर. पण घाटात भर दुपारी जोरात चालवा, तेल 110 च्या पुढे जातंच. त्या वेळी बेअरिंगमधली फिल्म किती जाड राहते ते एचटीएचएसवरून (खूप तापलेल्या, जोरात घासल्या जाणाऱ्या तेलाचा घट्टपणा) कळतं. 20 च्या ग्रेडला ते किमान 2.6, 30 ला 2.9, आणि बीएमडब्ल्यूच्या एलएल-01 मान्यतेच्या तेलाला 3.5 लागतं. तुमच्या मॅन्युअलच्या यादीत एलएल-01 असेल तर मी उन्हाळ्यात तेच टाकेन. यादीत नसेल तर नाही, वॉरंटीशी खेळायचं नाही.

तापीकाठ (जळगाव)
पटलं. पण भुसावळकर, कीस निघत नाही हे मी मानायला तयार नाही.

भुसावळकर
निघत नाही असं म्हटलंच नाही, जास्त निघत नाही म्हटलं. मग तपासूनच बघा ना काका. तेल उतरवणार असाल तर प्रयोगशाळेत द्यायला नमुना काढा. इंजिन गरम असताना पहिली धार सोडून द्या, मधली धार कोरड्या स्वच्छ बाटलीत घ्या. रिपोर्टमध्ये सिलिकॉन जास्त दिसलं म्हणून एअर फिल्टरमधून धूळ गेली असं लगेच समजू नका. नव्या इंजिनाच्या सीलंटमधूनही (सांधे बंद करायच्या लुकणातून) ते येतं. लोखंड आणि तांबं बघा.

लळिंग घाट (धुळे)
फिल्टरही फेकू नका. या गाडीत कागदी कार्ट्रिज येतं, त्यामुळे डबा कापायची भानगड नाही. घड्या ब्लेडनं सोडवा, पांढऱ्या कागदावर दाबून तेल निथळू द्या आणि उन्हात तिरपा धरून बघा. खालून चुंबक फिरवा. हलेल ते लोखंड. चमकतंय पण हलत नाही ते ॲल्युमिनियम किंवा बेअरिंगचा धातू, त्याचा फोटो इथं टाका. बिल अधिकृत सर्व्हिसचंच घ्या, तेलाचा मान्यता क्रमांक त्यावर लिहून घ्या, आणि हा बदल जादाचा आहे, वेळापत्रकातली सर्व्हिस वेगळी होणार, असं आधीच सांगून ठेवा.

तापीकाठ (जळगाव)
गाडी आत्ता 1,700 ला आहे. नाशिकला नेऊन उतरवतो. रिपोर्ट आला की आकडे जसेच्या तसे टाकतो, माझ्या विरोधात गेले तरी.